क्लब नेमका कुणाचा? हात हलवणारा मालक आणि आपल्यातला अध्यक्ष

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघातले अडखळणे, खोकणे आणि मागून येणारे कुकरच्या शिट्ट्यांचे आवाज काढून टाकले आहेत.)

कंपनीच्या बसमध्ये इयरफोन लावून बसलेल्यांना, चाकणच्या तळेगाव चौकात अर्ध्या तासापासून अडकलेल्यांना आणि नाइट शिफ्ट करून घरी निघालेल्यांना, सगळ्यांना नमस्कार.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. मोशीहून एका श्रोत्याने विचारलं, "दादा, क्लबचा मालक मॅचनंतर प्रेक्षकांपुढे येतो, हात हलवतो, सेल्फी देतो. हे खरं प्रेम असतं, की सगळं मार्केटिंग?"

प्रश्न साधा वाटला, पण मी दोन दिवस त्यावरच अडकून पडलो. कारण याचं उत्तर मी एकदा स्वतः अनुभवलंय. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

केळ्यांचा क्रेट

मी चाकणच्या एका कंपनीत सहा वर्षं क्वालिटीला होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट कुठल्याही कंपनीची असू शकते. आमची फुटबॉल टीम होती. प्रेस शॉपचे दोघं, पेंट शॉपचे तिघं, स्टोअरमधला गोली, असा सगळा जमाव. रविवारी सकाळी भोसरीतल्या एका मैदानावर प्रॅक्टिस, आणि वर्षातून एक-दोन आंतरकंपनी स्पर्धा.

आमचे प्लांट हेड फुटबॉलवेडे होते. सकाळी साडेसहाला स्वतः गाडी चालवत यायचे, डिकीत केळ्यांचा क्रेट. आमच्या मॅच बघायला येणारी पंधरा-वीस माणसं असतील, कँटीनचा एक पोरगा धरून. साहेबांना सगळ्यांची नावं पाठ. त्या कँटीनच्या पोराला विचारायचे, "काय रे, आज कुणाला खेळवायचं?" आणि तो सांगायचा, आणि साहेब खरंच ऐकून घ्यायचे.

मग साहेबांची बदली झाली. नवे साहेब वाईट नव्हते, अजिबात नाही. पण पुढच्या बजेटच्या मीटिंगमध्ये टीमच्या बसचा आणि किटचा खर्च एका ओळीत कापला गेला. त्या खोलीत आमच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. एका हंगामात टीम संपली. आता त्या टीमच्या जर्सीने मी बाईक पुसतो.

मला बरीच वर्षं वाटायचं की साहेब गेले म्हणून टीम गेली. आता वाटतं, टीम गेली कारण ती फक्त साहेबांच्या मायेवर उभी होती. माया खरी होती, त्यात शंका नाही. पण माणूस बदलला की ती त्याच्याबरोबर जाते.

आता हेच मोठ्या मैदानावर बघू.

बालेवाडीचे चार क्लब

वाकडचा पूल ओलांडला की बालेवाडीचं क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेलं. आपल्या पिंपरी-चिंचवडकरांना पुण्यातल्या पेठांपेक्षा ते जवळ. २०१४-१५ चा काळ आठवा. या एकाच स्टेडियमवर देशातल्या वरच्या पातळीचे तीन क्लब घरचे सामने खेळत होते: पुणे एफसी, भारत एफसी आणि आयएसएलमधला एफसी पुणे सिटी. लगेच पुढच्या हंगामात डीएसके शिवाजियन्सही आय-लीगमध्ये आला.

आता हिशेब बघा. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झालेला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आलेला. २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ बंद. भारत एफसी एकच हंगाम खेळला, २०१५ मध्येच बाहेर. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये संपला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये आयएसएलच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. चार वर्षांत चार क्लब!

यातल्या कुणाला मी खलनायक ठरवत नाहीये. भारतात फुटबॉल क्लब चालवणं म्हणजे दरवर्षी पैसे घालणं, हे सगळ्यांना माहीत आहे. एफसी पुणे सिटीची 'ऑरेंज आर्मी' तर खरोखर जीव लावणारी होती. पण एक गोष्ट चारही वेळा सारखीच झाली. बंद करायचं की नाही, हे ठरवताना स्टँडमधल्या माणसाला मत नव्हतं. त्याला बातमी मिळाली, तीही मोबाईलवर, तुमच्या-माझ्यासारखीच.

असंच महिंद्रा युनायटेडचं. आज महिंद्राचा मोठा कारखाना आपल्या चाकणला आहे, पण त्या कंपनीचा मुंबईत फुटबॉल क्लब होता, आणि तो २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता, हे इथल्या किती जणांना माहीत असेल? २०१० मध्ये कंपनीने तो संघ बंद केला आणि शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष वळवलं. निर्णयामागे विचार होता. पण निर्णय पुन्हा एकाच बाजूचा.

लेस्टरचे खून विचाई

मग तुम्ही म्हणाल, मालकाचं प्रेम खोटंच असतं का? नाही हो. इंग्लंडमधल्या लेस्टर सिटीचे थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचं उदाहरण घ्या. स्वतःच्या वाढदिवसाला स्टेडियममध्ये येणाऱ्यांना फुकट बिअर आणि डोनट वाटायचे. शहरातल्या हॉस्पिटलला २० लाख पौंडांची देणगी दिली. २०१६ मध्ये लेस्टरने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा सगळं जग थक्क झालं. २७ ऑक्टोबर २०१८ ला सामना संपल्यावर स्टेडियमच्या बाहेरच त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं आणि ते गेले. त्यानंतर स्टेडियमबाहेर फुलांचा आणि स्कार्फचा जो खच पडला, तो कुणी पैसे देऊन पाडू शकत नाही.

म्हणजे मालकाची माया खरी असू शकते. पण आमच्या साहेबांची पण खरीच होती की! खरा प्रश्न पुढचा आहे: तो माणूस उद्या नसला तर समर्थकाच्या हातात काय उरतं?

फिटर-टर्नरांचा क्लब

आता चला बर्लिनला. घाबरू नका, तिथेही तुम्हाला भोसरी एमआयडीसीच दिसेल.

पूर्व बर्लिनमध्ये क्योपेनिक नावाचा भाग आहे. शेजारी ओबरशोनेवाइडे, एकेकाळी केबल आणि विजेच्या सामानाच्या कारखान्यांनी भरलेलं. इथल्या क्लबच्या पोरांना जुन्या काळी 'फिटरची पोरं' म्हणायचे, कारण संघच कारखान्यातल्या कामगारांचा. आजही त्यांचे समर्थक 'लोखंडी युनियन' अशीच घोषणा देतात. हा क्लब म्हणजे एफसी युनियन बर्लिन. आजच्या रूपात स्थापना १९६६ ची.

२००४ मध्ये क्लब पार कंगाल झाला होता. तिसऱ्या श्रेणीत खेळायचा परवाना हवा तर १४ लाख ६० हजार युरोची राखीव रक्कम दाखवा, असा नियम. पैसे आणायचे कुठून? समर्थकांनी मोहीम काढली, 'युनियनसाठी रक्त द्या'. जर्मनीत रक्तदात्याला थोडा भत्ता मिळतो. लोकांनी रक्त दिलं आणि तो भत्ता क्लबला दिला. बाकीही अनेक मार्गांनी पैसा उभा राहिला आणि परवाना मिळाला.

त्याच वर्षी डिर्क त्सिंगलर अध्यक्ष झाला. बांधकाम साहित्याच्या वाहतुकीच्या धंद्यातला माणूस आणि लहानपणापासूनचा युनियनचा समर्थक. म्हणजे स्टँडमधून उठून खुर्चीत बसलेला. पहिल्याच वर्षी काय झालं? संघ आणखी खाली, चौथ्या श्रेणीत घसरला. तेव्हा ही जिंकणाऱ्या संघाची गोष्ट नाही, हे आधीच लक्षात घ्या.

पुढे स्टेडियमचा प्रश्न आला. जुन्या उभ्या प्रेक्षागारांचे कठडे मोडकळीला आलेले, नियमांत बसत नव्हते. क्लबकडे पूर्ण काम बाहेरून करून घ्यायला पैसे नव्हते. मग क्लबने समर्थकांकडे थेट श्रमदान मागितलं. आणि २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक समर्थकांनी मिळून साधारण १ लाख ४० हजार तास काम करून आपलं स्टेडियम पुन्हा उभं केलं.

जरा गणित करू. आपली आठ तासांची शिफ्ट धरली, तर १ लाख ४० हजार तास म्हणजे साडेसतरा हजार शिफ्ट. बिनपगारी!

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली वाटते सांगू? अध्यक्षाने समर्थकांना काही दिलं नाही, उलट मागितलं. फुकट टी-शर्ट मिळालेला माणूस एक दिवस खूश असतो. पण ज्याने स्वतःच्या हाताने काँक्रीट टाकलंय, त्याला त्या पायरीवरून कोण उठवणार? गावात पाणी फाउंडेशनच्या कामात ज्यांनी श्रमदान केलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण खणलेल्या चरात पहिलं पाणी साठलं की माणूस ते बघायला पहाटे जातो.

आणि मागून झाल्यावर परत काय दिलं? २०११ मध्ये स्टेडियमचे शेअर विकायला काढले. एक शेअर ५०० युरोचा, मुख्यतः क्लबच्या सभासदांसाठी. जाहिरातीचा मथळा साधारण असा होता: आम्ही आमचा आत्मा विकतोय, पण कुणालाही नाही. ४,१४१ जणांनी ५,४७३ शेअर घेतले. म्हणजे घाम गाळणारा माणूस कागदावरही भागीदार झाला.

छोट्या छोट्या गोष्टी पण ऐका. २००३ मध्ये नाताळच्या आधी ८९ समर्थक गुपचूप स्टेडियममध्ये घुसले आणि गाणी म्हणून आले. क्लबने हाकललं नाही. आज तो मोठा वार्षिक कार्यक्रम आहे, स्टेडियम गच्च भरतं. २०१४ च्या वर्ल्डकपला क्लबने सांगितलं, घरचा सोफा घेऊन या. लोकांनी ७५० च्या आसपास सोफे हिरवळीवर मांडले आणि स्टेडियमचा हॉल करून मॅच बघितल्या.

आणि मला सगळ्यात भिडलेली गोष्ट. २०१९ मध्ये युनियन पहिल्यांदा बुंडेसलीगा या सर्वोच्च श्रेणीत पोचला. १८ ऑगस्टला घरचा पहिला सामना. हा दिवस बघायला जे जगले नाहीत, त्या आई-वडिलांचे, आजोबांचे, मित्रांचे मोठे फोटो घेऊन लोक आले. स्टेडियमची क्षमता २२,०१२. त्या दिवशी अधिकृत उपस्थिती जाहीर झाली २२,४६७. जास्तीचे ४५५ कोण? तर फोटोतले. क्लबने गेलेल्या माणसांनाही प्रेक्षकांत मोजलं.

सामना ०-४ असा हरले. कुणाला फरक पडला असेल असं वाटत नाही.

सोसायटीची मीटिंग आणि ५०+१

आता नियमाची बाजू. ती समजली की बाकी सगळं समजतं.

तुमच्या वाकडच्या, नाहीतर चिखलीच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा डोळ्यापुढे आणा. चेअरमन कितीही श्रीमंत असला तरी मत एकच. फ्लॅट १०४ वाले काका उठून विचारतात, "लिफ्टच्या एएमसीचं बिल दाखवा," आणि चेअरमनला दाखवावं लागतं. जर्मन क्लब मुळात असेच, सभासदांच्या नोंदणीकृत संस्था. सभासद अध्यक्षाला किंवा त्याची नेमणूक करणाऱ्या मंडळाला निवडतात.

१९९८ मध्ये तिथे क्लबांना फुटबॉलच्या कामासाठी कंपनी काढायला परवानगी मिळाली. पण एक अट घातली. त्या कंपनीत मतदानाचे निम्म्याहून अधिक हक्क सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजेत. ५० टक्के अधिक एक मत. म्हणून नाव '५०+१'. गुंतवणूकदाराने कितीही पैसा ओतला, तरी शेवटचा शब्द सभासदांचा.

याला अपवाद होते, आणि इथे आपला चाकण पुन्हा येतो. वोल्फ्सबुर्ग हे शहरच फोक्सवॅगनच्या कारखान्यासाठी वसवलेलं. तिथला क्लब पूर्णपणे फोक्सवॅगनच्या मालकीचा. बायर लेव्हरकुसेनही तसाच. तो तर १९०४ मध्ये औषध कंपनीच्या कामगारांच्या मागणीवरून सुरू झालेला. कंपनीने २० वर्षांहून अधिक काळ सलग क्लबला आधार दिला म्हणून त्यांना सूट. गंमत बघा, २००९ च्या मार्चमध्ये चाकणच्या फोक्सवॅगन प्रकल्पाचं उद्घाटन झालं आणि मे महिन्यात वोल्फ्सबुर्ग जर्मनीचा विजेता झाला. म्हणजे कंपनीचा क्लब वाईटच असतो असं अजिबात नाही. पण तिथेही शहर, कारखाना आणि क्लब एकमेकांत इतके गुंतलेत की कापाकापी एका ओळीत होत नाही.

आणि नियमातून पळवाटाही निघतात. युनियनचा त्या दिवशीचा पाहुणा होता आरबी लाइपझिग, एका एनर्जी ड्रिंक कंपनीच्या पाठबळावर २००९ मध्ये उभा राहिलेला. कागदावर तोही सभासदांचा, पण मताचा हक्क असलेले सभासद हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. त्याच्या निषेधार्थ युनियनचे प्रेक्षक आपल्या ऐतिहासिक सामन्याची पहिली १५ मिनिटं गप्प उभे होते.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे पटकन कळेल. सहकारी साखर कारखान्यातही प्रत्येक सभासदाला मत असतं. पण सभासद सभेलाच गेला नाही, तर कारखाना चेअरमनच्या घरचा व्हायला वेळ लागत नाही. हक्क कागदावर असून भागत नाही, वापरावा लागतो.

मामाची तालीम

"हे जर्मनीत ठीक आहे दादा, आपल्याकडे कुठं?" तर आपल्याकडे कोल्हापूर आहे ना!

माझा मामा शिवाजी पेठेतला. मे महिन्याच्या सुट्टीत गेलो की मामा सांगायचा हे तालमीचं, ते तालमीचं. कोल्हापुरात क्लबांची नावं ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. त्याच तालमींनी फुटबॉल अंगावर घेतला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची, राजघराण्याच्या आश्रयाने उभी राहिलेली. सामने शाहू स्टेडियमवर, आणि मोठ्या सामन्याला हजारोंची गर्दी. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

इथे ५०+१ वगैरे काही नाही. पण तालमीचा अध्यक्ष त्याच गल्लीत राहतो. गणपतीची वर्गणी तोच मागतो, कुणाच्या घरी मयत झाली तर तोच पुढे असतो. मला आठवतंय, संघ हरलेल्या संध्याकाळी मामा चहाच्या टपरीवर तालमीच्या एका कारभाऱ्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रं, त्या पोराला बाहेर का बसवलंस? डोळं फुटल्यात का तुझं?" तो माणूस चिडला नाही. चहा पीत दहा मिनिटं समजावत बसला, पोराचा गुडघा कसा दुखावलाय ते. मामाला पटलं नाही ते सोडा! पण उत्तर मिळालं. पळून जायला दुसरी गल्ली नव्हती त्याला.

याची दुसरी बाजूही आहे. पेठेची ईर्षा हाताबाहेर गेली की शाहू स्टेडियमवर हाणामाऱ्या झाल्यात, सामने थांबलेत. आपलेपणाला लगाम नसला की तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. तिथेही अध्यक्षाची परीक्षा असतेच: तो आपल्या पोरांना आवरतो, की टाळ्या मिळाव्यात म्हणून भडकवतो?

तर मोशीच्या मित्रा

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सेल्फी दिली म्हणून मालक चांगला नाही, आणि सेल्फी दिली म्हणून खोटाही नाही. मी आता कुठल्याही क्लबकडे बघताना तीन प्रश्न विचारतो.

एक, हा माणूस समर्थकांकडून तिकिटाच्या पैशांशिवाय आणखी काही मागतो का? मत, मेहनत, सल्ला?

दोन, संघ हरतो तेव्हा तो कुठे सापडतो? जिंकल्यावर सगळेच दिसतात.

तीन, उद्या तो गेला तर समर्थकाच्या हातात काय राहील? शेअर, सभासदत्व, निदान मीटिंगमधली एक खुर्ची?

आणि हे मोठ्या क्लबपुरतं नाही. तुमच्यापैकी कितीतरी जण पिंपळे सौदागरच्या टर्फवर तासाचे पैसे भरून खेळता, कंपनीच्या टीममध्ये खेळता. टीमची रीतसर नोंदणी करा. जर्सीचा खर्च एकट्या साहेबाकडून घेऊ नका, प्रत्येकाने शंभर-दोनशे घाला. बघायला येणाऱ्यांनाही सभासद करा. वर्षातून एकदा बसा, हिशेब मांडा, कॅप्टन मताने निवडा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण आमच्या टीमने एवढं केलं असतं, तर साहेब गेल्यावर बस गेली असती, टीम राहिली असती. रिक्षाने गेलो असतो की!

तो कँटीनचा पोरगा मला मागच्या महिन्यात आंबेठाण चौकात भेटला. आता स्वतःची वडापावची गाडी आहे त्याची. पहिला प्रश्न त्याने काय विचारला असेल? "दादा, टीम परत कधी काढताय?" मी म्हटलं, "तू सभासद होणार असशील तर काढू." त्याने गल्ल्यातून शंभरची नोट काढून माझ्या हातात ठेवली.

आता मला काढावीच लागणार. भोसरी, मोशी, चाकणकडचं कुणी रविवारी सकाळी येणार असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. केळी ज्याची त्याने आणायची.

भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, सांभाळून जा.